सड्यावरची दीपकाडी आणि फ्रिजमधले कांदे

दिवाळीच्या सुमारास ऑनलाइन दुकानांत एक छायाचित्र हमखास दिसते. वीतभर दांडी आणि तिच्यावर खाली तोंड केलेल्या निळ्या फुलांचा घट्ट घोस. हे ग्रेप हायसिंथ, म्हणजे मस्कारी. खाली लिहिलेले असते, ‘घरच्या कुंडीत सहज फुलणारे’. बेळगावातल्या हौशी मंडळींनी ते मागवले की गवतासारखी पाने भरपूर येतात आणि प्रकरण तिथेच थांबते. मग खत बदलून बघतात, कुंडी गच्चीवरून अंगणात येते, कुणीतरी हातगुणाला दोष देते. यातल्या कशाचाच संबंध नसतो.

मस्कारी मूळची भूमध्य समुद्राच्या आसपासची आणि तिथून तुर्कस्तान, कॉकेशसपर्यंतची. त्या मुलखात उन्हाळा कोरडा असतो आणि पाऊस हिवाळ्यात पडतो. उन्हाळ्यात पाने वाळून कांदा मातीत निजल्यासारखा वाटतो खरा, पण नेमक्या त्याच महिन्यांत त्याच्या पोटात पुढच्या वर्षीचा इवलासा फुलोरा आकार घेत असतो. तयार फुलोरा वर यायचा तर मात्र दांडी लांबली पाहिजे, आणि त्यासाठी कांद्याला साधारण बारा ते चौदा आठवडे पाच ते नऊ अंशांची थंडी सोसावी लागते. थंडी कमी पडली की दांडी खुंटते आणि फुलोरा पानांच्या बुडाशीच सुकतो. बेळगावला लोक कौतुकाने गरिबांचे महाबळेश्वर म्हणत आले आहेत. पण समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवरच्या या गावात जानेवारीच्या रात्रीही पारा सरासरी १४ अंशांच्या आसपास असतो. स्वेटर घालायला तेवढे पुरते, मस्कारीला नाही.

हट्टच असेल तर फ्रिज आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आलेले कांदे कागदी पिशवीत घालून भाजीच्या कप्प्यात ठेवायचे, आणि तिथे सफरचंद, केळी ठेवायची नाहीत. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि आतला कोवळा फुलोरा त्याने मरतो. जानेवारीअखेर कुंडीत बोटभर खोल लावले की फेब्रुवारी-मार्चमध्ये फुले दिसतात. तोवर आपल्याकडे दुपारचे ऊन तापायला लागलेले असते, त्यामुळे सोहळा लवकर आटोपतो. श्रीनगरच्या ट्यूलिप बागेत हे फूल शोभते, कारण तिथला हिवाळा हे काम फुकटात करतो. इथे विकत घेतलेला कांदा एका हंगामाचाच धरावा. माझे मत विचाराल तर एकदा करून पाहण्यापुरते ठीक आहे, दरवर्षी त्यावर पैसे घालवण्यात अर्थ नाही.

अर्थ नाही याचे आणखी एक कारण आहे. मस्कारीची भावंडे बेळगावच्या पश्चिमेला आधीपासून राहतात. चंदगड, जांबोटी, चोर्ला, आंबोली या पट्ट्यातले जांभ्या दगडाचे सडे उन्हाळ्यात करपलेले दिसतात. वळवाचे दोन-चार पाऊस झाले आणि मृग लागला की खडकाच्या खाचांतल्या मूठभर मातीतून बारीक कांदे पाने काढतात. त्यांना थंडीशी देणेघेणे नाही. त्यांचा वसंत पावसाबरोबर येतो. भूमध्यातल्या कांद्याने उन्हाळा जमिनीखाली काढायचा आणि सड्यावरच्या कांद्याने दिवाळीपासून वळवापर्यंतचा कोरडा काळ काढायचा, एवढाच फरक.

त्यात पहिली ओळख करून घ्यायची ती दीपकाडीशी, शास्त्रीय नावाने डिपकाडी. निकोल डॅल्झेल हा स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ मुंबई इलाख्यात सरकारी नोकरीत होता. अलेक्झांडर गिब्सनबरोबर १८६१ मध्ये त्याने ‘बॉम्बे फ्लोरा’ प्रसिद्ध केला. त्याआधी १८५० मध्येच त्याने इथल्या दोन दीपकाड्यांची नोंद केली होती, एक डोंगरातली माँटेनम आणि दुसरी कोकणातली काँकनेन्स. पुढे मुंबईच्या सेंट झेवियर्समधले जेझुइट वनस्पतिशास्त्रज्ञ एथेलबर्ट ब्लॅटर यांनी उर्सुली ही आणखी एक वर्णिली. कास पठारावर जाणाऱ्यांनी ती नकळत पाहिलेली असते. सगळ्या पांढऱ्या किंवा हिरवट पांढऱ्या, निळी एकही नाही. त्यामुळे गर्दी तेरडा आणि सीतेच्या आसवांचे फोटो काढते आणि हिला ओलांडून पुढे जाते.

ओळखायचे कसे? मस्कारीचे फूल छोट्या मडक्याच्या आकाराचे, सहाही पाकळ्या जुळलेल्या, तोंड आवळलेले आणि त्याच्या कडेला बारीक पांढरे दाते. घोसाच्या शेंड्याची फिकट फुले वांझ असतात, ती फक्त कीटकांना दुरून बोलावतात. दीपकाडीचे फूल नळीसारखे, पाकळ्या बुडाशी जुळलेल्या आणि टोके बाहेर वळलेली. उर्सुलीची फुले दांडीच्या एकाच बाजूला लागतात. फळ तीन कप्प्यांचे, त्यात चपट्या काळ्या बिया.

तिसरी आहे लेडेबुरिया. हिची पाने जमिनीला चिकटून पसरतात, त्यांवर जांभळट ठिपके असतात आणि पानाचे टोक मातीला टेकले की अनेकदा तिथेच मूळ धरते. फूल एवढेसे, पाकळ्या सुट्या आणि मागे वळलेल्या. नुसत्या डोळ्यांनी पाहणारा म्हणेल, जुळलेल्या पाकळ्यांची दीपकाडी मस्कारीची सख्खी आणि ही चुलत. डीएनए तपासल्यावर उलटे निघाले. मस्कारी, हायसिंथ आणि लेडेबुरिया एका शाखेतल्या, दीपकाडी शेजारच्या शाखेतली. पाकळ्या जुळणे ही गोष्ट या कुळात वेगवेगळ्या शाखांत स्वतंत्रपणे घडलेली आहे. २००९ च्या वर्गीकरणानंतर हे सगळे शतावरीच्या कुळात मोडतात. आपला निशिगंधही त्याच कुळातला. स्वयंपाकघरातला कांदा मात्र त्यात नाही, तो लिलीसारख्या दिसणाऱ्या गडंबीकंदाच्या कुळात.

हा फरक जीवावरचा ठरू शकतो. माळावर मार्च ते मे या काळात, पान नसताना, नुसत्या उंच दांडीवर मळकट तपकिरी फुले दिसली तर तो कोळकांदा, म्हणजे रानकांदा. कानडीत काडू ईरुळ्ळी. खाली मुठीएवढा पांढरा कांदा असतो आणि त्यात हृदयाची गती बिघडवणारी द्रव्ये असतात. औषधात त्याचा वापर झालेला आहे, पण मात्रा ठरवणारे लोक वेगळे. भूमध्यातला याचाच भाऊ उंदीर मारायला वापरत, कारण उंदराला ओकता येत नाही. नियम सोपा आहे: पान चुरगाळल्यावर कांद्याचा उग्र वास आला नाही तर ती वस्तू पोटात घालायची नाही. या कुळातल्या बऱ्याच कांद्यांच्या रसात सुईसारखे स्फटिक असतात. हात खाजतो तो त्यांच्यामुळे.

लावायचे असेल तर सड्यावरचे कांदे उपटून आणू नयेत. मातीचा थर वीतभरही नसतो आणि खाणींनी त्यातले किती तरी आधीच नेले आहे. दीपकाडीच्या पिकलेल्या बोंडातल्या चार बिया पुरतात. त्या ताज्या असतानाच पेराव्यात. निपाणीकडची तंबाखूची काळी माती यांना चालत नाही, पाणी धरून ती कांदा कुजवते. बेळगावची तांबडी माती, मुरूम आणि जाड वाळू सारख्या प्रमाणात घ्यावी, कुंडीच्या बुडाला खापऱ्या घालाव्यात. पहिली एक-दोन वर्षे गवताच्या काडीसारखे पान येईल आणि जाईल. फुलायला कांदा आधी भरावा लागतो. पाने पिवळी पडली की पाणी बंद, थेट वळवापर्यंत. ज्यांना एवढा धीर नाही त्यांनी पावसाळी लिली लावावी. ती अमेरिकेतून आली असली तरी इथल्या पहिल्या सरीला चुकत नाही आणि एकाचे दहा कांदे करते.

कुंडीवर नाव मात्र लिहून ठेवा. सहा महिने तिच्यात काहीच दिसत नाही, आणि घरातले कुणीतरी रिकामी समजून तिच्यात मिरची लावते.