फ्रिजमधले रिव्हेट आणि खुराड्यातलं हॅलिफॅक्स

आमच्या शेडमधल्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात आइस्क्रीम ठेवायचं नाही. तसा कागदच दारावर चिकटवलाय. त्या कप्प्यात रिव्हेट असतात. नवीन आलेल्या माणसाला वाटतं, आपली फिरकी घेतायत. पण ड्युरॅल्युमिनच्या रिव्हेटचं शास्त्रच तसं आहे. ते भट्टीत तापवायचे, पाण्यात झटक्यात विझवायचे, आणि मग साधारण दोन तासांत ठोकून मोकळं व्हायचं. त्यानंतर ते आपले आपणच कडक होत जातात, आणि कडक झालेला रिव्हेट ठोकला की त्याच्या डोक्याला चिरा जातात. गारठ्यात ठेवले तर हे कडक होणं लांबतं. महायुद्धात विमानांच्या कारखान्यांतही असेच रिव्हेट बर्फात ठेवत.

आता खरं सांगायचं तर आमचं कॉकपिट कधीच उडणार नाही. नुसतं बघायला ठेवायच्या कामात मऊ ॲल्युमिनियमचे साधे रिव्हेट खुशाल चालतात. पण आमचे म्होरके, निवृत्त टूलमेकर, ऐकतील तर शपथ. “चालतंय की” हे वाक्य त्यांच्यासमोर इंग्रजीतसुद्धा उच्चारायची सोय नाही. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथच्या आवाजात वाढलेला माणूस. ‘चालतंय की’ हेच आमचं आद्य तत्त्वज्ञान. त्यामुळे पहिले काही महिने आमचं जमणं जरा अवघडच गेलं.

शेड इंग्लंडात, लिंकनशायरमध्ये आहे. सपाट, वाऱ्याचा मुलूख. दुसऱ्या महायुद्धात इथे बॉम्बर विमानांचे इतके तळ होते की लोक आजही या परगण्याला बॉम्बरांचा परगणा म्हणतात. त्या काळात लँकेस्टर जातीची ७,३७७ विमानं बांधली गेली. आज उडू शकणारी दोन उरलीत, एक इथे ब्रिटनमध्ये आणि एक कॅनडात. बाकीची शत्रूने पाडली, अपघातात गेली, आणि जी वाचली त्यातली बहुतेक युद्धानंतर भंगारात निघाली. त्यांचा पत्रा वितळवून पुन्हा संसारोपयोगी झाला. आम्ही शनिवारी जमणारी दहाबारा माणसं त्या भंगारातून निसटलेले तुकडे गोळा करून लँकेस्टरचं नाक जोडतोय, म्हणजे पायलट बसायचा तो पुढचा भाग. डावीकडे जरा उंचावर पायलटची खुर्ची, पाठीमागे चिलखती पत्रा, उजवीकडे फ्लाइट इंजिनिअरची घडीची बैठक. दुसरा पायलट नाहीच. पायलटला गोळी लागली तर विमान कुणी सांभाळायचं, ते ज्याचं त्याने बघायचं.

लोकांना वाटतं, डायल मिळवणं सगळ्यात अवघड असणार. नेमकं उलटं आहे. ब्रिटिश वायुदलाने अंधारात, ढगात उडण्यासाठी सहा उपकरणांची एक ठरावीक पाटी केली होती. वरच्या ओळीत वेग, कृत्रिम क्षितिज, चढउतार. खालच्या ओळीत उंची, दिशा, वळण. स्पिटफायर असो, वेलिंग्टन असो की लँकेस्टर, पाटी तीच. म्हणजे पायलटने विमान बदललं तरी नजर बदलायला नको. ही उपकरणं ढिगाने बनली आणि युद्ध संपल्यावर सरकारी शिल्लक माल म्हणून ढिगाने विकली गेली. शाळकरी पोरांनी खाऊच्या पैशांतून घेतली. उंचीमापक हा मुळात हवेच्या दाबाचाच मापक, त्यामुळे तो कित्येक दिवाणखान्यांत पावसाचा अंदाज सांगत भिंतीवर लटकला. आता ती पोरं म्हातारी झाली, घरं आवरायला निघाली, आणि माल परत बाजारात आला.

या बाजाराला इथे एरोजंबल म्हणतात. आपल्या जुन्या बाजारासारखाच. फक्त पावसात आणि गमबूट घालून. तिथली मुरलेली माणसं वस्तूचं नाव घेत नाहीत, नंबर घेतात. वायुदलाच्या भांडारात प्रत्येक वस्तूला वर्ग असायचा. सहा-ए म्हणजे उपकरणं, पाच-सी म्हणजे विजेचं सामान. “पाच-सी आहे का काही?” असं विचारत फिरणाऱ्या माणसाला कुणी फसवत नाही.

पण या डायलांची एक भानगड आहे. आकडे रात्री चमकावेत म्हणून त्यांवर रेडियम मिसळलेला रंग लावलेला असायचा. आज ते आकडे काळोखात अजिबात चमकत नाहीत, तेव्हा नवख्याला वाटतं की रेडियम संपलं. संपत नाही. रेडियमचं अर्धं आयुष्यच १,६०० वर्षांचं. थकलंय ते त्याच्या माऱ्याने चमकणारं झिंक सल्फाइड. रेडियम अजून शाबूत आहे, आणि आता तो रंग सुकून त्याची पूड पडते. काच उघडून फुंकर मारली की ती पूड थेट छातीत. म्हणून आमच्या दारातच किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र टांगलंय. एकदा एक गृहस्थ भेट म्हणून डबा घेऊन आले. डबा दुपारच्या सँडविचचा, आत टिश्यू पेपरात गुंडाळलेले तीन डायल. यंत्राने जी कडकड लावली! गृहस्थ म्हणाले, “मी हे तीस वर्षं पलंगाखाली ठेवलेत.” त्यांच्या पत्नी मागेच उभ्या होत्या. त्यांचा चेहरा बघून म्होरक्यांनी चहा लवकर ठेवला. काच बंद असेल, डायल कपाटात असेल तर धोका फार नाही, हे त्यांना समजावता समजावता चहाही गार झाला.

खरी मारामार होते ती कुणालाच हौसेने जपावीशी न वाटलेल्या वस्तूंसाठी. थ्रॉटलच्या दांड्यांची चौकट, खुर्चीची पट्टी अडकवायचा हूक, पायाखालच्या पेडलची कडी. कॉकपिटवरचं पारदर्शक छत तर युद्धानंतर परसबागांत पालथं घालून त्याखाली काकड्या लावत. आमच्याकडचा छताचा एक तुकडा तसाच आलाय. आतून कडेला मातीची रेघ होती, ती म्होरक्यांनी पुसू दिली नाही. मग त्यावर आठवडाभर वाद. माती हा विमानाचा इतिहास की बागेचा?

असे वाद हेच आमचं मुख्य काम, ठोकाठोकी नंतर. त्यातला एक तर मी जन्मात विसरणार नाही. फ्लाइट इंजिनिअरच्या पाटीवर एक बारका दिवा असतो, तो कुठे बसवायचा यावरून जुंपली होती. आमच्याकडच्या फोटोत तो उजव्या कोपऱ्यात. तेवढ्यात नव्वदी ओलांडलेले एक माजी फ्लाइट इंजिनिअर शेड बघायला आले. त्यांनी काठी आपटून सांगितलं, “डावीकडे. रात्रीच्या रात्री त्या दिव्याखाली मी पेट्रोलचा हिशेब लिहिलाय.” आजोबांना तोंडावर कोण खोटं पाडणार? सगळ्यांनी माना डोलावल्या, ते गेले, आणि लगेच दोन तट पडले. एक तट म्हणे, फोटो खोटं बोलत नाही. दुसरा म्हणे, ज्याने जीव मुठीत धरून तिथे रात्री काढल्या त्याच्यापेक्षा फोटोला जास्त कळतं का?

म्होरके काही बोलले नाहीत. त्यांनी जुनी पाटी टेबलावर घेतली, पाण्याचा बारीक पॉलिश पेपर घेतला आणि डाव्या कोपऱ्यात रुपयाएवढ्या गोलात रंग उतरवायला लागले. वरचा काळा थर, खाली आणखी एक काळा, मग राखाडी-हिरवा, मग पिवळट अस्तर. त्याखाली चार ठिपके दिसले. चार भोकं, मऊ रिव्हेटने बुजवून, घासून सपाट केलेली. उजवीकडच्या चार भोकांशी मोजून बघितली तर अंतर तंतोतंत तेच. म्हणजे दिवा आधी डावीकडे होता, पुढे कधीतरी उजवीकडे सरकवला. फोटो खरा, आजोबाही खरे. मधे एक दुरुस्तीचा हुकूम येऊन गेला होता. युद्ध चालू असताना या विमानांत सतत बदल होत. शिवाय लँकेस्टर एकाच कारखान्यात बनत नव्हतं, ॲव्हरोखेरीज आणखी कंपन्या ते बांधायच्या. आता दिवा आम्ही उजवीकडेच ठेवलाय, आणि डावीकडचा तो रुपयाएवढा गोल रंग न लावता उघडा सोडलाय.

‘अस्सल’ या प्रकरणावरचा माझा विश्वास उडाला तो तिथे. अस्सल म्हणजे कुठल्या तारखेचं अस्सल? युद्धात पडझड झालेली विमानं दुरुस्तीच्या डेपोत यायची. लिंकनजवळ ब्रेसब्रिज हीथला लँकेस्टरचा मोठा डेपो होता. एकाचा पंख, दुसऱ्याचं शेपूट, तिसऱ्याचं नाक असं जोडून विमान परत मोहिमेवर जायचं. ठिगळं ही त्यांची मूळ अवस्थाच होती.

तरी या विषयावर शहाणी माणसं एकमेकांशी बोलायची बंद होतात. हॅलिफॅक्स या बॉम्बरचं उदाहरण घ्या. ६,१७६ बांधली आणि युद्धानंतर एकही सबंध ठेवलं नाही. आज बघायला मिळतात ती तीन, आणि तिघांची तीन घराणी.

पहिलं लंडनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममधलं. एप्रिल १९४२ मध्ये नॉर्वेत जर्मनांच्या ‘टिरपिट्झ’ युद्धनौकेवर हल्ला करताना त्याला मार बसला. पायलटने ते गोठलेल्या तळ्यावर पोटावर उतरवलं, माणसं वाचली, आणि मग बर्फ फुटून विमान तळाला गेलं. १९७३ मध्ये बाहेर काढलं, ते जवळपास तसंच ठेवलंय: गंजलेलं, फाटलेलं. दुसरंही नॉर्वेच्याच तळ्यातलं. युद्ध संपायला जेमतेम दोन आठवडे असताना, एप्रिल १९४५ मध्ये, नॉर्वेतल्या भूमिगतांसाठी सामान टाकून परतताना ते पडलं. सहांपैकी शेपटातला एक गनर तेवढा वाचला. मोठ्या खोलीवरून १९९५ मध्ये ते वर काढलं, आणि कॅनडात ट्रेंटनच्या स्वयंसेवकांनी दहाएक वर्षं खपून नव्यासारखं करून उभं केलं.

तिसरं यॉर्कशायरमध्ये एल्विंग्टनला आहे, आणि आमच्या लाइनीतल्या शुद्धतावाद्यांना ते बघवत नाही. त्याच्या धडाचा एक तुकडा स्कॉटलंडच्या लुइस बेटावरच्या एका शेतकऱ्याने युद्धानंतर विकत घेतला आणि त्यात कोंबड्या पाळल्या. वर्षानुवर्षं. तो तुकडा आणला, पंख ‘हेस्टिंग्ज’ या मालवाहू विमानाचे लावले (ते लबाडीचं नव्हे, एकाच कंपनीची दोन्ही विमानं, पंखांचं घराणं एकच), इंजिनं फ्रान्सकडून मिळवली, पुढचं नाक पुन्हा बांधलं. १२८ मोहिमा करून सुखरूप परतलेल्या एका नामवंत हॅलिफॅक्सचं ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ हे नाव त्याला दिलं, आणि मुद्दाम १९९६ च्या सप्टेंबरातला तेरा तारखेचा शुक्रवार धरून हँगरबाहेर काढलं.

मला विचाराल तर तिघांत माझं मत खुराड्यातल्याला. लंडनच्या सांगाड्यासमोर माणूस गप्प होतो, कबूल. पण पायलटच्या बुटांखाली, खालच्या पोटमाळ्यात वायरलेस ऑपरेटर कसा बसायचा, हे कळायला ते कॉकपिट उभं असावं लागतं. आणि त्या शेतकऱ्याला कोंबड्यांची सोय करायची नसती, तर तेवढा पत्राही कुठल्यातरी भट्टीत गेला असता.

अर्थात प्रत्येक तुकडा उचलायचा नसतो. ब्रिटनमध्ये १९८६ पासून कायदा आहे: लष्करी विमान कोसळलेल्या जागी खोदायचं तर संरक्षण मंत्रालयाचा परवाना लागतो, आणि आत माणसांचे अवशेष असण्याची शक्यता असेल तर तो मिळत नाही. बॉम्बर कमांडचे ५५ हजारांवर वायुसैनिक गेले. त्यातले कित्येक अजून त्याच चिखलात आहेत. कुणी बाजारात वाकलेला, माती चिकटलेला भाग आणला की आमचे म्होरके पहिला प्रश्न किमतीचा विचारत नाहीत, ‘कुठून?’ विचारतात. उत्तर गुळमुळीत आलं तर पुढे चालायला लागतात.

चहाच्या वेळी एकदा मी त्यांना कानपूरची गोष्ट सांगितली. युद्ध संपल्यावर चकेरीच्या तळावर लिबरेटर बॉम्बर शेकड्याने सोडून दिले होते, आणि परत कुणी उडवू नयेत म्हणून त्यांची मोडतोडही केली होती. स्वातंत्र्यानंतर बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या लोकांनी त्यातले धडके निवडले, याचं काढून त्याला लावलं, आणि कंपनीचे चाचणी वैमानिक जमशेद कैकोबाद मुन्शी यांनी ती एकेक करून कानपूरहून बंगळूरला उडवत नेली. तिथे पुरती दुरुस्ती. अशी चाळीसच्या आसपास विमानं उभी राहिली. नोव्हेंबर १९४८ मध्ये भारतीय वायुदलाचं बॉम्बर स्क्वाड्रन त्यांवरच उभं राहिलं, पुढे पुण्यातल्या लोहगावहून ती समुद्रावर पहारा देत, आणि १९६८ अखेरपर्यंत चालली. अठरा हजारांवर बांधलेल्या या विमानाचे आज जगात जे थोडे नमुने उरलेत, त्यातले ओटावाचं, अमेरिकेतल्या पिमा संग्रहालयाचं आणि खुद्द ब्रिटिश वायुदलाच्या संग्रहालयातलं, ही भारताकडूनच गेलेली.

म्होरके बराच वेळ कप हातात धरून बसले. मग विचारलं, “रिव्हेट कुठले वापरले?” ते काही मला सांगता आलं नाही. पण तेव्हापासून मी ‘चालतंय की’ म्हटलं की ते नुसतं “कानपूर” म्हणतात आणि काम बघायला येतात.

सध्या आमचं घोडं थ्रॉटलच्या चौकटीपाशी अडलंय. चार इंजिनांच्या चार दांड्या, मूळ मुठींसकट, नॉर्फकमधल्या एका गृहस्थांच्या गॅरेजात आहेत. त्यांना पैसे नकोत, आमच्याकडचं जादा शेपटाचं चाक हवंय. चाक द्यायला म्होरके तयार, मी तयार. खजिनदार म्हणतात, आधी दांड्यांवरचे नंबर बघू, मग बोलू. नंबर बघायला जायचं तर गृहस्थ फोन उचलत नाहीत, कारण मागच्या खेपेला आमच्यातल्याच एकाने त्यांच्या तोंडावर म्हटलं होतं की त्या मुठी लँकेस्टरच्या नव्हेतच, लिंकन विमानाच्या आहेत.