आधी खरवड, मग औषध

कुत्र्याच्या अंगावरचे केस जाऊन चट्टा पडला की कुणीतरी हमखास सुचवतं, गॅरेजमधून जळकं ऑइल आणा आणि चोळा. कृपा करून असं काही करू नका. कुत्रं अंग चाटतं, ते ऑइल त्याच्या पोटात जातं आणि यकृत-मूत्रपिंडावर घाला घालतं. आधीच सोललेली कातडी भाजते ती वेगळीच. रॉकेल आणि फिनेलही तितकंच घातक.

केस नेमके कुठले गेलेत, हे आधी पाहावं. शेपटीच्या मुळाशी आणि कमरेवर गेले असतील तर पहिला संशय पिसवांचा. अंगावर एकही पिसू सापडली नाही तरी तो सोडू नये. काही कुत्र्यांना पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असते, त्यांना दोन-चार चावेही पुरतात. अंडी आणि अळ्या अंथरुणात, फटींत असतात, म्हणून औषध कुत्र्यालाच देऊन भागत नाही, घरही साफ करावं लागतं.

आपण सरसकट ज्याला लूत म्हणतो, त्यात दोन अगदी वेगळे किडे असतात. दोन्ही नुसत्या डोळ्यांना न दिसणारे. सारकॉप्टिस हा खरजेचा किडा कातडीत बिळं करतो. कानाच्या कडा, कोपर, पोट इथून सुरुवात होते आणि खाज इतकी की कुत्रं रात्रभर झोपत नाही. कानाची कड बोटांनी चोळली की मागचा पाय आपोआप खाजवायला लागतो, ही डॉक्टरांची जुनी परीक्षा. ही खरूज माणसालाही काही दिवस छळते. डेमोडेक्स मात्र केसांच्या मुळाशी राहतो. पिल्लू दूध पीत असतानाच तो आईकडून येतो आणि बहुतेक कुत्र्यांत निमूट असतो. प्रतिकारशक्ती कमी पडली की डोळ्यांभोवती, पुढच्या पायांवर चट्टे उठतात. तो माणसाला लागत नाही. पिल्लांमधले असे एक-दोन चट्टे अनेकदा आपोआप भरतात. त्यामुळे अशा पिल्लाला घराबाहेर काढणं हा निव्वळ अन्याय आहे.

गोल, खपली धरलेला चट्टा गजकर्णाचा असू शकतो. हा बुरशीचा आजार, आणि घरातल्या मुलांना तो सहज होतो.

खाज नाही, पण दोन्ही कुशींवरचे केस सारखेच विरळ झालेत, कुत्रं सुस्त आणि जाड झालंय, तर थायरॉइड तपासावं. पाणी फार पितं, पोट सुटलंय, तर कुशिंग्जचा आजार असू शकतो. इथे रक्ततपासणीच हवी.

बाकी बहुतेक वेळा डॉक्टर ब्लेडनं चट्ट्याच्या कडेची खरवड घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. काही मिनिटांचं काम. तेवढा आग्रह आपण धरायलाच हवा, कारण अंदाजानं लावलेलं माणसांचं स्टेरॉइडचं मलम खाज थांबवतं आणि आतला डेमोडेक्स वाढवतं. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शनही परस्पर देऊ नये. कॉली आणि तिच्या संकरातल्या अनेक कुत्र्यांत एका जनुकातल्या दोषामुळे ते मेंदूत शिरतं आणि जीव घेऊ शकतं. फ्लुरालेनरसारख्या गोळ्यांनी आज दोन्ही किडे मरतात, पण त्याही वजन बघून, डॉक्टरांना विचारूनच. फिटचा त्रास असलेल्या कुत्र्याबद्दल तर आधीच सांगावं.

खाज थांबली, लव उगवली की बरेच जण औषध सोडतात. डेमोडेक्समध्ये महिन्याच्या अंतरानं घेतलेल्या दोन खरवडी स्वच्छ येईपर्यंत उपचार चालू ठेवायचे असतात.