भिवंडीच्या मोहल्ला समित्या

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे यंत्रमागांचे गाव. उत्तर प्रदेशातून आलेला अन्सारी विणकर, तेलंगणातील पद्मशाली, मूळचा कोकणी मुसलमान आणि भोवतालचा आगरी यांचा संसार येथे एकाच खडखडाटावर चालतो. सूत एकाचे, माग दुसऱ्याचा आणि हात तिसऱ्याचे, अशी येथील धंद्याची रीत. असे असूनही या गावाचे नाव देशभर झाले ते कापडाइतकेच दंगलींमुळे. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी उसळलेल्या दंगलीच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती मादन यांचा आयोग नेमावा लागला. १९८४ च्या मे महिन्यात तीच आग पुन्हा भडकली.

शांतता समित्या त्यापूर्वी नव्हत्या असे नाही. सणाच्या तोंडावर पुढाऱ्यांना बोलवावयाचे, चहा पाजावयाचा आणि सलोख्याची भाषणे ऐकून घरी जावयाचे, एवढाच बहुधा त्यांचा व्याप असे. १९८८ मध्ये भिवंडीस आलेले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी याच्या नेमका उलट मार्ग धरला. त्यांनी मोहल्ल्यागणिक समित्या स्थापिल्या. त्यांत हिंदू-मुसलमान दोघेही असत. पण ते पुढारी नव्हेत, तर मागावरचे कामगार, दुकानदार, रिक्षावाले आणि गृहिणी. बैठकीस त्या भागाचा पोलीसही बसे. आणि विषय कोणते? नळावरची भांडणे, थकलेली उधारी, नवरा-बायकोमधील कुरबुरी!

वरवर पाहता यात अहिंसेचे तत्त्वज्ञान कोठेच दिसत नाही. परंतु ज्या शेजाऱ्याबरोबर बसून आपण नळाचा तंटा मिटविला, त्याच्याविषयी रात्री-अपरात्री एखादी अफवा कानी आली, तर माणूस दगड उचलण्यापूर्वी त्याच्या दारी जाऊन विचारपूस करतो. पोलिसांविषयीही तसेच. एरवी केवळ लाठीमुळे ओळखला जाणारा शिपाई नावाने ओळखीचा झाला, आणि आपले गाऱ्हाणे तेथे ऐकले जाईल असा विश्वास दुबळ्या घरांनाही वाटू लागला.

खोपडे यांच्यानंतर गुलाबराव पोळ यांनी हे काम पुढे चालविले. ६ डिसेंबर १९९२ नंतर त्याची खरी कसोटी लागली. त्या डिसेंबरात आणि पुढील जानेवारीत मुंबईत ९०० माणसे प्राणांस मुकली, असे श्रीकृष्ण आयोगाने नोंदविले आहे. मुंबईच्या शेजारची, दोनदा होरपळलेली भिवंडी मात्र शांत राहिली. पुढे १९९४ मध्ये पोलीस आयुक्त सतीश साहनी, ज्युलिओ रिबेरो आणि सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मुंबईतही मोहल्ला समित्या निघाल्या. त्यांनी वस्त्यावस्त्यांत क्रिकेटचे सामनेही भरविले.

भिवंडीचे वैर कायमचे निमाले, असे मात्र कोणी समजू नये. जुलै २००६ मध्ये कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणे बांधण्यावरून जमाव आणि पोलीस समोरासमोर आले. गोळीबारात दोघे नागरिक, आणि जमावाच्या हातून दोन पोलीस शिपाई, असे चार जीव गेले. तंटा तर एका जागेचाच होता. मोहल्ल्याच्या बैठकीत बसून बोलण्याजोगा.