पंचविसाव्या हिश्श्यातला सेंच्युरियन

प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून रणगाड्याची प्रतिकृती घडवण्याचा छंद वरवर मुलांच्या खेळासारखा वाटला, तरी जुना आणि मोठ्या प्रमाणाचा संच हाती आला की त्यासाठी इतिहास, यंत्ररचना आणि रंगकाम अशा तिन्ही विषयांचा अभ्यास करावा लागतो. जपानच्या शिझुओका येथील तामिया या कंपनीचा ‘सेंच्युरियन मार्क ३’ हा १:२५ प्रमाणाचा जुना संच याचे उत्तम उदाहरण आहे. १:२५ म्हणजे मूळ वस्तूचे पंचवीस सेंटिमीटर प्रतिकृतीत एक सेंटिमीटर होतात. त्यामुळे साडेसात मीटरांहून थोडा अधिक लांब असलेला रणगाड्याचा सांगाडा सुमारे तीस सेंटिमीटरांत मावतो आणि प्रतिकृतीवरची एक मिलिमीटरची चूक प्रत्यक्षात अडीच सेंटिमीटरांची ठरते.

महाराष्ट्रातील वाचकाला या ब्रिटिश रणगाड्याबद्दल आपुलकी वाटावी, असा त्याचा भारतीय इतिहास आहे. १९६५च्या युद्धात सियालकोट आघाडीवर पूना हॉर्स या रेजिमेंटचे नेतृत्व करताना मुंबईत जन्मलेले लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांना वीरमरण आले, तर १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतर नदीजवळच्या लढाईत, जन्माने पुण्याचे असलेले आणि वयाची एकविशी नुकतीच ओलांडलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल त्याच रेजिमेंटच्या ‘फॅमागुस्टा’ नावाच्या सेंच्युरियनमधून लढताना धारातीर्थी पडले. दोघांनाही मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथे सैन्याच्या चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र असून, तेथील रणगाडा संग्रहालय १९९४ मध्ये सुरू झाले. सेंच्युरियन घडवणाऱ्याला मूळ पोलादाची जाडी, सांध्यांवरची वेल्डिंगची रेघ आणि पट्ट्यांची झीज प्रत्यक्ष पाहता येईल, असे राज्यातील ते महत्त्वाचे ठिकाण आहे.

असे निरीक्षण आवश्यक असते, कारण जुने संच मुळात चालणारी खेळणी म्हणून तयार झाले होते. तामियाचा पहिला प्लॅस्टिक रणगाडा, जर्मन पँथर, १:३५ प्रमाणाचा झाला तो त्याच्या पोटात बॅटऱ्या मावाव्यात म्हणून; पुढे हेच प्रमाण जगभर रूढ झाले. मोटारीवर चालणाऱ्या अशा संचांत तळाला छिद्रे ठेवलेली असतात. प्रतिकृती केवळ मांडून ठेवायची असेल, तर ही छिद्रे प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्याने बुजवून पुट्टी लावावी आणि पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरने घासून एकसारखी करावीत. शिवाय भारतीय सैन्याकडे मार्क ३ नंतरच्या आवृत्त्याही होत्या, आणि मशीनगनसारख्या तपशिलांत त्या वेगळ्या होत्या. म्हणून ‘भारतीय सेंच्युरियन’ म्हणवण्याआधी छायाचित्रांशी एकेक भाग ताडून पाहावा लागतो.

दशकानुदशके खोक्यात पडून राहिलेल्या संचाचे दोष त्याच्या घटकद्रव्यांतून उद्भवतात. साच्यातून सुटावेत म्हणून भागांवर लावलेला तेलकट लेप रंग धरू देत नाही, म्हणून भाग आधी सौम्य साबणाच्या पाण्यात धुवावेत. पट्टे मऊ व्हिनाइलचे असतील, तर त्यातील मऊपणा आणणारे रसायन पाझरून त्यांना टेकलेले पॉलिस्टायरिन, म्हणजे संचाचे कडक प्लॅस्टिक, वितळवू शकते. म्हणून ते वेगळे ठेवणे इष्ट. पॉलिस्टायरिन जोडणारा द्रव हा नेहमीचा गोंद नसून विद्रावक असतो; तो दोन्ही कडा किंचित विरघळवून एकजीव करतो, त्यामुळे तो थोडाच लावावा आणि सांधा पूर्ण सुकेपर्यंत थांबावे. पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हे, म्हणजेच डिकल, पिवळी पडली असल्यास खिडकीच्या काचेवर उन्हात ठेवून ती उजळवता येतात.

मुंबईच्या उत्तरेकडील गोराईसारख्या, एका बाजूला समुद्र तर दुसऱ्या बाजूला खाडी आणि तिवरांचे रान असलेल्या गावात रंगकामापुढे आणखी एक अडचण उभी राहते, ती दमट हवेची. फवारलेल्या लॅकर रंगातील विद्रावक झपाट्याने उडतो तेव्हा पृष्ठभाग थंडावतो, त्यावर हवेतील बाष्प साचते आणि रंगावर पांढुरकी झाक उतरते. म्हणून पावसाळ्यात कापणे, घासणे आणि जोडणे उरकावे, अस्तराचा रंग आणि मूळ हिरवट रंग पाऊस सरल्यावर कोरड्या दिवशी पातळ थरांत द्यावेत, आणि प्रत्येक थराला सुकायला पुरेसा अवधी द्यावा. लहान वस्तूवर तोच रंग अधिक गडद भासतो, त्यामुळे मूळ छटा किंचित उजळ करून घेतात. त्यानंतर अतिशय पातळ गडद रंग खाचांत सोडला की खोली उठून दिसते, आणि जवळजवळ कोरड्या ब्रशने कडांवर फिकट छटा ओढली की उंचवटे स्पष्ट होतात.

शेवटी धूळ आणि चिखल यांचा प्रश्न उरतो, आणि घडवणाऱ्याची खरी परीक्षा इथेच होते. कोणता रणगाडा, कोणती आघाडी आणि कोणता दिवस हे निश्चित केल्याशिवाय चाकांवर माती लावणे ही केवळ सजावट ठरते; बसंतरकाठच्या डिसेंबरातला सेंच्युरियन घडवायचा असेल, तर नदी ओलांडून आलेल्या रणगाड्याचा खालचा भाग आणि वरचा भाग सारखा मळलेला असणार नाही, हे ओळखावे लागते. या रणगाड्यांत लढलेले सैनिक खरे होते. म्हणून प्रतिकृतीतील प्रत्येक निर्णयामागे पुरावा असावा, हीच या छंदाची प्रतिष्ठा आणि त्या सैनिकांचा मान राखण्याची रीत आहे.