ॲपला ठिकाण कळतं, वाट कळत नाही

जुलै 2025 मध्ये बेलापूरला मध्यरात्रीनंतर एक मोटार थेट खाडीत गेली. चालवणाऱ्या महिलेला उलव्याला जायचं होतं. फोनवरचा नकाशा पाहत ती पुलावर चढण्याऐवजी पुलाखालच्या रस्त्याला लागली आणि तो रस्ता ध्रुवतारा जेट्टीवर संपला. सागरी सुरक्षा पोलिसांनी तिला वाचवलं. त्याआधी जानेवारी 2021 मध्ये पुण्याहून कळसूबाईकडे निघालेली एक गाडी अकोले तालुक्यात कोतूळजवळ पाण्याखाली गेलेल्या पुलावर शिरली आणि एकाला जलसमाधी मिळाली. पिंपळगाव खांड धरणात पाणी अडवलं की तो पूल बुडतो, हे गावात कोणीही सांगितलं असतं.

अशा बातमीनंतर ‘जीपीएसने दगा दिला’ असं सर्रास म्हटलं जातं. पण जीपीएस रस्ता दाखवतच नाही. तुम्ही पृथ्वीवर नेमके कुठे उभे आहात, एवढंच ते सांगतं. त्या ठिकाणी रस्ता आहे की ओढा, हे कुणीतरी काढलेल्या नकाशातून येतं. आणि त्यातून कुठून जायचं, हे ॲप ठरवतं. ही तीन वेगळी कामं आहेत. खारघर, बेलापूर, पनवेलहून शनिवार-रविवारी प्रबळगड, इर्शाळगड, माणिकगड किंवा माथेरानच्या मागच्या वाटा गाठणाऱ्यांनी ॲप आणि यंत्र निवडताना हा फरक लक्षात ठेवावा, कारण बहुतेक गैरसमज तो विसरल्यामुळेच होतात.

सगळ्यात जुना समज म्हणजे ‘रेंज गेली की जीपीएस बंद’. तसं होत नाही. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह संदेश पाठवत असतात आणि फोन तो फक्त ऐकतो. किमान चार उपग्रह ऐकू आले की ठिकाण मिळतं. मोबाइल नेटवर्कमुळे पहिलं ठिकाण लवकर सापडतं, बस्स. रेंज गेल्यावर नाहीसा होतो तो नकाशा, कारण तो इंटरनेटवरून येत असतो. म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्यायचा. इथे आणखी एक अडचण आहे. गुगल मॅप्सचा उतरवलेला नकाशा गाडीचा रस्ता सांगतो, पायी जाण्याचा मार्ग ऑफलाइन देत नाही. ओएसमॅण्ड किंवा ऑरगॅनिक मॅप्ससारखी ॲप ते काम करतात, आणि त्यात पायवाटाही जास्त असतात. घरीच फोन फ्लाइट मोडवर टाका, प्रबळगडाच्या वाटेवरचा ठाकूरवाडी ते प्रबळमाची हा भाग मोठा करून पाहा. वाट, ओढे, उंचीच्या रेषा दिसल्या तर ॲप कामाचं. नुसता हिरवा पट्टा दिसला तर डोंगरातही तेवढंच दिसणार आहे. चालतानाही फ्लाइट मोड ठेवावा. आजकालच्या बहुतेक फोनमध्ये जीपीएस त्यात चालू राहतं, आणि टॉवर शोधण्यात जाणारी बॅटरी वाचते.

‘पैसे भरून घेतलेलं ॲप जास्त अचूक असतं’ हाही असाच एक समज. ठिकाणाची अचूकता फोनमधल्या रिसीव्हरवर आणि डोक्यावरच्या आभाळावर अवलंबून असते. मोकळ्या मैदानात साधा फोनही साधारण पाच मीटरच्या आत ठिकाण सांगतो. पैसे देऊन मिळतात त्या सोयी. नकाशाचा मूळ मजकूर मात्र अनेक फुकट आणि विकतच्या ॲपमध्ये एकच, म्हणजे 2004 साली सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप असतो. तो स्वयंसेवकांनी काढलेला आहे. त्यांचे उपकार मोठे आहेत, पण त्याच्या मर्यादा ओळखायला हव्यात. गडाची मळलेली वाट, ढोरवाट आणि लाकूडफाट्यासाठी पडलेली वाट यांना त्यात बहुधा एकसारखीच तुटक रेघ मिळते. प्रबळगडाचा माथा रुंद आणि दाट झाडीचा आहे. तिथे अशा तुटक रेघांच्या मागे जाणारा माणूस कड्यावरही पोचू शकतो.

सह्याद्रीत सर्वाधिक घात होतो तो उंचीच्या रेषांमुळे. ‘कंटूर दिसताहेत, म्हणजे चढ कळला’ असं आपण धरून चालतो. अनेक ॲपमधल्या या रेषा फेब्रुवारी 2000 मध्ये एंडेव्हर या अवकाशयानातून 11 दिवस रडारने केलेल्या मोजणीतून आल्या आहेत. त्या मोजणीत जमिनीचे साधारण 30 मीटरचे चौकोन धरले आहेत आणि प्रत्येक चौकोनाला एकच उंची आहे. आपले डोंगर लाव्हाच्या थरांचे. एक थर उताराचा, की लगेच वर ताशीव कडा, पुन्हा पदर, पुन्हा कडा. दहा-पंधरा मीटरचा सरळ कडा अशा दोन चौकोनांमध्ये विरघळून जातो आणि पडद्यावर मध्यम चढ दिसतो. अशा उतारावरून ‘शॉर्टकट’ मारायचा बेत पडद्यावर कितीही सोपा वाटला तरी करू नये. दोन सोंडांमधली घळ किंवा नाळ तर दुहेरी फसवते: आभाळ अरुंद असल्यामुळे उपग्रह कमी दिसतात, आणि कड्यांवर आपटून आलेले संदेश फोनला गोंधळात टाकतात. निळा ठिपका एकदम पलीकडच्या धारेवर उडी मारतो तो यामुळेच. दोन वारंवारितांवर ऐकणारा फोन इथे खरोखर उजवा ठरतो. नवा फोन घेताना कॅमेऱ्याइतकी चौकशी याचीही करावी.

हे नकाशे किती जुने असतात, हे नवी मुंबईकराला घरबसल्या पाहता येईल. 2000 सालच्या मोजणीवर चालणाऱ्या ॲपमध्ये उलव्याजवळ एक टेकडी दिसते. सुमारे 90 मीटरची ती टेकडी विमानतळासाठी फोडून सपाट केली, उलवे नदीचा प्रवाहही वळवला, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये त्या विमानतळाचं उद्घाटन झालं. जिथे माणसाने डोंगर हलवला तिथे निदान बातमी होते. पावसाने हलवला तर नकाशाला खबर कोण देणार? 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली आणि वाडीतली घरं गाडली गेली. तिथवर गाडीरस्ता नव्हता, मदत पायीच चढून गेली. आधी उतरवून ठेवलेल्या नकाशात ती वाडी आणि तिच्या वाटा पूर्वीसारख्याच दिसत राहतात.

उंचीचा आकडाही जपून वाचावा. वाशीच्या खाडीकाठी उभं राहिल्यावर काही ॲप उणे साठ-पासष्ट मीटर दाखवतात आणि लोकांना वाटतं फोन बिघडला. उपग्रहांचं गणित पृथ्वीच्या एका गुळगुळीत कल्पित आकारावर चालतं, आणि मुंबईच्या आसपास खरी समुद्रसपाटी त्या आकाराच्या तेवढी खाली आहे. चांगली ॲप ही दुरुस्ती करून देतात.

दुसऱ्याचा ट्रॅक उतरवून घेतला की काळजी मिटली, असंही नाही. तो कोणत्या महिन्यातला आहे ते आधी बघावं. जानेवारीत कोरडा असलेला ओढा जुलैमध्ये माणूस वाहून नेतो, आणि पावसानंतर कारवी आणि गवतात पायवाट बुजते. चढताना नोंदवलेला ट्रॅक उतरायलाही चालेलच असं नसतं. त्या माणसाकडे दोर होता का, हे तर रेघेत कळतच नाही. सर्व्हे ऑफ इंडियाचे 1:50,000 मापाचे नकाशे नोंदणी करून मिळतात. एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. पाहणी जुनी असली तरी वाड्या, ओढे आणि खिंडी यांची नावं त्यात जपलेली आहेत. ट्रॅकबरोबर ते ठेवावेत. आणि ठाकूरवाडीतल्या कुणाला तरी वाट विचारावी. यंदा कुठली वाट खचली हे त्यांना ठाऊक असतं.

हातात धरायचं जीपीएस यंत्र फोनमुळे निकालात निघालं, हे आपल्या पावसाळ्याने खोटं ठरवलं आहे. ओल्या पडद्यावर बोट चालत नाही. बटणांचं यंत्र चालतं, आणि काही यंत्रांत साधे पेन्सिल सेल बदलता येतात. वर्षातून दोन ट्रेक करणाऱ्याला मात्र त्याची गरज नाही. फोन, पॉवर बँक आणि प्लास्टिकची पिशवी पुरते.

नाविकबद्दलही गल्लत होते. ते भारतीय ‘गुगल मॅप्स’ नाही. ती इस्रोची उपग्रह प्रणाली आहे, पहिला उपग्रह 2013 मध्ये गेला. फोनमध्ये नाविक असेल तर ऐकायला आणखी काही उपग्रह मिळतात. नकाशात एकही पायवाट वाढत नाही.

‘नकाशात रस्ता आहे, म्हणजे जायला मुभा आहे’ हा समज फोर बाय फोरवाल्यांमध्ये विशेष. कर्नाळा अभयारण्य आहे, तिथे गाडी रानात घालणं गुन्हा ठरतो. माथेरानला खासगी मोटारी दस्तुरी नाक्यापलीकडे जात नाहीत. खारघरच्या पांडवकड्यावर पावसाळ्यात बंदी घातली जाते. ॲप यातलं क्वचितच काही सांगतं.

शेवटचा गैरसमज कायद्याच्या कचाट्यात नेणारा आहे. परदेशातून येणाऱ्या नातलगाला ‘येताना ते उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र आण’ असं सांगितलं जातं. नुसतं ऐकणारं जीपीएस यंत्र वापरायला हरकत नाही. उपग्रहामार्फत संदेश पाठवणारं यंत्र मात्र भारतात परवानगीशिवाय बाळगता येत नाही. डिसेंबर 2024 मध्ये गोव्यातून विमानाने निघालेल्या परदेशी प्रवाशांवर अशाच यंत्रापायी कारवाई झाली होती. त्याऐवजी 112 लक्षात ठेवा. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून हा फोन लागू शकतो. ठिकाण सांगताना आकडे कोणत्या पद्धतीचे आहेत तेही सांगा. 18 अंश 58.8 मिनिटे म्हणजे 18.98 अंश. घाईत कोणी ते 18.588 असं लिहून घेतलं, तर शोधपथक चाळीस किलोमीटरहून अधिक दक्षिणेला शोधत बसेल. ॲपच्या सेटिंगमध्ये दशांश अंश निवडून ठेवा आणि समोरच्याकडून आकडे परत वाचून घ्या.