ज्याच्या त्याच्या कानाचा आवाज

एकाच इयरफोनवर एकाला तबल्याचा डग्गा घुमदार वाटतो, तर दुसऱ्याला गुदमरलेला. दोघांचेही बरोबर असते. आपली सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची कर्णनलिका ३००० हर्ट्‌झच्या आसपासचे ध्वनी आपोआप वाढवते. इयरफोन नलिकेचे तोंडच बंद करतो, त्यामुळे ही वाढ बिघडते आणि ती उत्पादकाला मुद्दाम घालावी लागते. पण प्रत्येकाचा कान वेगळा, म्हणून एकच माप सर्वांना बसत नाही.

हरमन या ध्वनी-उपकरणांच्या कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि सहकाऱ्यांनी अनेक श्रोत्यांची आवड तपासली. बहुतेकांना खर्ज थोडा उचललेला आवडतो; मात्र किती, हे वय आणि ऐकण्याच्या सरावानुसार बदलते. शिवाय आवाज लहान असला की खर्ज आपल्याला आणखी कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवले होते.

म्हणून आवाज आपल्या कानाप्रमाणे जुळवून घ्यावा. त्यासाठी इक्वलायझर (वेगवेगळ्या ध्वनिपट्ट्यांची पातळी कमी-जास्त करण्याची सोय) वापरताना आधी खुपणारा पट्टा कमी करा. खर्ज ४ डेसिबलने वाढवलात, तर प्रीअँप (एकूण पातळी) तेवढाच खाली घ्या; नाहीतर आवाज फाटू शकतो. तुलना समान पातळीवरच करा, कारण मोठा आवाज बहुधा सरस वाटतो. मग जे रुचेल ते बिनधास्त ठेवा.