सुईच्या पाकिटावरचं ७५/११ म्हणजे काय? टी-शर्टवरचा लोगो नेमका कुठे बिघडतो?

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये सकाळी शिफ्टच्या वेळेला उभं राहिलं, की येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या छातीवर डाव्या बाजूला कंपन्यांची नावं वाचता येतात. कुणाच्या शर्टवर, कुणाच्या कॉलरच्या टी-शर्टवर, कुणाच्या टोपीवर. १ ऑगस्ट १९६२ रोजी मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखाली याच वागळे इस्टेटमध्ये झालेल्या छोटेखानी समारंभात ‘एमआयडीसी’चा जन्म झाला. तेव्हापासून इथले कारखाने बदलले, आयटी कंपन्याही आल्या. पण युनिफॉर्म आणि त्यावरचा लोगो काही गेला नाही.

हे लोगो बहुतेक वेळा कम्प्युटर एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर, जॉब वर्कने भरले जातात. कपडा ग्राहकाचा, काम आपलं आणि मजुरी हजार टाक्यांच्या हिशेबाने. एक टी-शर्ट फुकट गेला तर तो भरून द्यावा लागतो आणि त्यात बाकीच्या कित्येक नगांची मजुरी जाते. हे नुकसान अनेकदा काही रुपयांच्या सुईमुळे होतं. म्हणूनच सुई आणि धागा कसा निवडायचा, हे समजून घ्यायला हवं.

सुईवरचे आकडे काय सांगतात?

पाकिटावर ६५/९, ७५/११, ९०/१४ असे जोडआकडे असतात. पहिला आकडा सुईच्या दांड्याची जाडी सांगतो. ७५ म्हणजे ०.७५ मिलिमीटर. दुसरा आकडा त्याच जाडीचा अमेरिकन क्रमांक आहे. आकडा मोठा, तर सुई जाड.

एम्ब्रॉयडरीच्या रोजच्या कामाला ७५/११ ही सुई चालते. बारीक अक्षरं किंवा तलम कापड असेल तर ६५/९. डेनिम, कॅनव्हास किंवा जाड टोपीसाठी ८०/१२ किंवा ९०/१४.

जाडी बरोबर असली तरी सुईची जातही जुळावी लागते. घरगुती मशीनची सुई (१३०/७०५ एच) मागून चपटी असते. कारखान्यातल्या अनेक मशीनना गोल दांड्याची ‘डीबी एक्स के ५’ लागते. एकीची सुई दुसरीला बसत नाही. एम्ब्रॉयडरीच्या सुईचं नेढं साध्या शिलाईच्या सुईपेक्षा मोठं असतं. कारण मशीन मिनिटाला ६०० ते १००० टाके घालते आणि धाग्याचा एकच भाग कापडात बसण्याआधी नेढ्यातून अनेकदा वर-खाली घासला जातो. नेढं अरुंद असेल तर धागा पिंजतो आणि तुटतो.

टी-शर्टला भोक पहिल्या धुण्यानंतर का पडतं?

शर्टाचं कापड विणलेलं असतं, म्हणजे त्यात ताणा-बाणा असतो. टी-शर्टचं होजिअरी कापड धाग्याच्या फासांनी बनतं. टोकदार सुई शर्टात सरळ घुसते, ते ठीक. पण तीच सुई होजिअरीत गेली तर एखादा फास कापते. मशीनवरून नग उतरतो तेव्हा काहीच दिसत नाही. धुतल्यावर, ताणल्यावर तो फास उसवत जातो आणि लोगोच्या कडेला भोक दिसू लागतं. तोवर माल पोहोचलेला असतो आणि तक्रार परत येते.

यावर उपाय म्हणजे बॉलपॉइंट सुई. तिचं टोक किंचित गोलसर असतं. ते फास कापत नाही, बाजूला सारतं. पाकिटावर ‘एसईएस’ किंवा ‘एफएफजी’ असं लिहिलेलं असेल तर ती हलक्या बॉलपॉइंटची सुई. तिच्यासोबत मागे बॅकिंग पेपरही होजिअरीला साजेसा, म्हणजे फाडून न टाकता कापून काढायचा लावला, तर लोगो धुतल्यावर गोळा होत नाही.

रेयॉन की पॉलिस्टर?

दोन्ही धागे चमकतात, त्यामुळे रिळावर पाहून फरक कळत नाही. रेयॉन मऊ असतो आणि त्याची चमक रेशमाच्या जवळ जाते. ब्लाउज, दुपट्टा, साडीचा काठ अशा जपून धुतल्या जाणाऱ्या कपड्यांवर तो शोभतो. पण ओला झाला की त्याची ताकद कमी होते आणि ब्लीच त्याला सोसत नाही.

कारखान्याचा, हॉस्पिटलचा किंवा हॉटेलचा युनिफॉर्म आठवडाभर धुतला जातो, कधी ब्लीचमध्येही पडतो. तिथे पॉलिस्टर घ्यावा. त्याचा रंग आणि ताकद जास्त टिकते.

धाग्याच्या जाडीत एक उलटा हिशेब असतो. सुईचा आकडा वाढला की सुई जाड होते. धाग्याचं ‘वेट’ वाढलं की धागा बारीक होतो. ४० वेट म्हणजे ढोबळमानाने ४० मीटर धाग्याचं वजन १ ग्रॅम. रिळावर ‘१२० डी/२’ लिहिलेलं असतं तो साधारण हाच धागा: १२० डेनियरचे दोन पदर एकत्र पिळलेले. ४० वेटला ७५/११ सुई, ६० वेटला ६५/९ आणि ३० वेटसारख्या जाड धाग्याला ९०/१४.

जरीच्या धाग्याचं गणित वेगळं आहे. त्यावरची धातूची पट्टी नेढ्यात घासून सोलते. म्हणून मोठ्या नेढ्याची ९०/१४ सुई घ्यावी आणि मशीनचा वेग कमी ठेवावा.

जोडी जमली का, हे दुकानातच पाहता येतं. हातभर धागा सुईत ओवून तिरका ताणून धरा. सुई आपल्या वजनाने खाली घसरली तर जोडी बरोबर. मध्येच अडकली तर सुई बारीक आहे.

धागा सारखा तुटत असेल तर?

अनेक जण आधी टेन्शनचा स्क्रू फिरवतात. तो शेवटी फिरवायचा असतो. आधी धागा पुन्हा ओवून पाहा, मग सुई बदला, मग रीळ बदला. सुईची लांब खाच समोर आणि मागचा खोलगट भाग हुककडे आहे का, हेही पाहा. एवढं करूनही तुटत असेल तरच टेन्शन. नमुना उलटा करा: भरीव पट्टीच्या मधोमध साधारण एक तृतीयांश पांढरा बॉबिन धागा दिसला, तर टेन्शन बरोबर आहे.

सुई तुटेपर्यंत वापरू नये. ८ ते १० तासांच्या कामानंतर टोक बोथट होऊ लागतं. सपाट काचेवर ठेवल्यावर दांडा आणि काच यांच्यातली फट सारखी दिसली नाही, तर सुई वाकलेली आहे. ठाण्याच्या पावसाळ्यात उघड्या पाकिटातल्या सुयांना गंज चढतो, तोही धागा कापतो. सुया आणि रिळं झाकणाच्या डब्यात, उन्हापासून लांब ठेवावीत.

१२ हेडच्या मशीनवर एका हेडचा धागा तुटला की सहसा बाराही हेड थांबतात. ७ हजार टाक्यांचा लोगो मिनिटाला ७०० टाक्यांनी १० मिनिटांत व्हायला हवा. चार वेळा धागा तुटला की तेच काम कितीतरी लांबतं. तिथे सुईचे वाचवलेले पैसे महाग पडतात.

आणखी एक. तुटलेल्या सुईचे सगळे तुकडे जुळवून मोजावेत. एखादा तुकडा लोगोत राहिला तर तो घालणाऱ्याला टोचतो. लहान मुलांच्या कपड्यात तर फारच धोक्याचं.

मोठी ऑर्डर लावण्याआधी त्याच कापडाच्या तुकड्यावर, त्याच सुई-धाग्याने एक नमुना काढा. तो एकदा धुवा, हाताने ताणा आणि उलटा करून पाहा. भोक पडायचंच असेल तर ते या तुकड्याला पडू दे, ग्राहकाच्या टी-शर्टला नको.